वाऱ्याआडची जागा

पोस्टमास्तर परत फिरायच्या दगडापाशी पोचले तेव्हा बाकीचे सहा जण केळी खाऊन हात पुसत होते. पोस्टमास्तरांना पाय टेकवता येईना. प्रशिक्षकाने सायकल धरली, मग त्यांना धरलं.

"आलं टपाल," दातांची डॉक्टरीण म्हणाली. "उशिरा का होईना, फाटलं नाही."

पोस्टमास्तर हसले. नोकरी सुटून तीन वर्षं झाली तरी पदवी सुटली नव्हती. सातांमध्ये ते सर्वांत थोरले, आणि प्रशिक्षकाचे सासरे. पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एका दमात करायची वसंतातली शर्यत पुरी करायची, असं त्यांनी बायको गेल्यावर मनाशी घेतलं होतं. घराकडचे रस्ते हिवाळ्यात निसरडे होतात, म्हणून हा आठवड्याचा सराव वाळवंटात.

मुलीचा विरोध होता. आई गेली, आता बाबांनाही रस्त्यावर घालवू का, असं ती नवऱ्याला विचारायची. शेवटी तिने एक अट घातली. सहा दिवसांत एकदा तरी परतीचे पन्नास किलोमीटर बाबांनी सगळ्यांबरोबर पुरे करावेत, गाडीत न बसता. जमलं तर ती हरकत घेणार नाही. नाही जमलं, तर सायकल विकायची आणि विषय संपला.

पाच दिवस जमलं नव्हतं. जाताना वारा पाठीशी असे आणि जो तो आपल्या गतीने जाई. परतताना वारा तोंडावर. मग सगळे एकामागे एक रांग धरत, पुढचा वारा कापी, थकला की बाजूला होई. पोस्टमास्तरांना पुढे जायची पाळी माफ होती. त्यांनी शेपटाला, वाऱ्याआड राहायचं. तरीही दहाएक किलोमीटरवर त्यांच्यात आणि पुढच्या चाकात फट पडे, आणि मागून येणारी प्रशिक्षकाची गाडी त्यांना उचलून घेई. आज सहावा दिवस होता.

पोस्टमास्तर दगडावर बसून गुडघे चोळत होते. प्रशिक्षकाने त्यांच्या हातात पाणी दिलं.

"जावईबापू, एक मागू?"

"मागा की."

"आज गाडी पुढे ठेवा. मागे दिसली की पाय आपोआप दाराकडे वळतो."

प्रशिक्षकाने नाही म्हटलं. सूर्य बुडाला की इथे तासाभरात बाटलीतलं पाणी गोठतं, हे त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं. पण पोस्टमास्तर हट्टाला पेटलेले नव्हते, नुसते त्याच्याकडे बघत होते. बायकोच्या आजारपणातही ते डॉक्टरांकडे असंच बघायचे. प्रशिक्षक विरघळला.

"लेकीला काय कळवाल?" त्यांनी विचारलं.

"जे दिसेल ते."

"तेवढं पुरे."

दोन वाजता रांग निघाली. नारिंगी जाकिटं, डोळ्यांवर काळे चष्मे, तोंडाला फडकी. गावात सायकली भाड्याने देणारं एकच दुकान होतं, आणि तिथे जो येई त्याला सायकलीबरोबर हाच सगळा पोशाख मिळे. प्रशिक्षक गाडी घेऊन पुढे झाला. आरशात पहिले दोघे दिसत होते, त्यांच्यामागे धूळ.

तिसाव्या किलोमीटरवर, मिठागराचा फाटा ओलांडून, तो बाटल्या घेऊन रस्त्याकडेला उभा राहिला. मनात त्याने बायकोला सांगायची वाक्यं जुळवून ठेवली होती. बाबांनी खूप केलं. वय आहे ना. सायकलीला गिऱ्हाईक आपणच बघू.

रांग आली. धुळीतून एकेक जाकीट सुटं होत गेलं आणि तो मोजत गेला. पाच. सहा. त्याने बाटली खाली केली.

सहाव्याच्या चाकाला चिकटून सातवा होता. खाली वाकलेला, मान छातीत, पाय एका लयीत. प्रशिक्षकाने बाटली पुढे केली, ती त्याने घेतली नाही, नुसता हात वर केला. बोलण्यात दम घालवायचा नाही, हे प्रशिक्षकानेच शिकवलं होतं.

प्रशिक्षक गाडीत बसला आणि पुन्हा रांगेच्या पुढे झाला. उरलेले वीस किलोमीटर तो पुन्हा पुन्हा गती कमी करून आरशात बघत राहिला. धूळ विरळ झाली की शेवटचं जाकीट दिसे. फट पडली नव्हती. गावाआधीच्या चढावर तर पडायलाच हवी होती. तिथेही नाही.

मुक्कामाच्या लॉजवर आल्यावर फोनला रेंज मिळाली. बायकोने पहिल्याच घंटेला उचलला. तो म्हणाला, आले, सगळ्यांबरोबर आले, चढावरसुद्धा सुटले नाहीत. तिने तेच पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाली की गेल्या वर्षभरात आपण त्यांच्याशी नीट बोललेलोही नाही.

"दे त्यांना फोन," ती म्हणाली. "करू दे त्यांना शर्यत. मीच सांगते."

बाहेर ऊन संपलं होतं. डॉक्टरीण पायरीवर आडवी झाली होती, बाकीचे नळाला तोंड लावून होते. शेवटचा स्वार भिंतीशी ओणवा होऊन धापा टाकत होता. प्रशिक्षकाने फोनचा स्पीकर चालू केला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

स्वाराने चष्मा काढला, फडकं खाली ओढलं. चाळिशीचा माणूस, काळी दाढी.

"माफ करा हं, न विचारता मागे लागलो," तो म्हणाला. "फाट्यावर तुमची रांग जाताना दिसली. एकट्याला झेपत नव्हता हो हा वारा."

"बाबा," फोनमधून आवाज आला, "बोला ना."