रूपलाच्या घरचा धूर

फोनवर रूपला रडकुंडीला आला होता.

"काकी, आज साहेब येऊन राह्यले म्हनते. घर खाली दिसलं त पाडतीन वं!"

"बोंबलू नको. मी हावो न," गोमतीबाई म्हणाली आणि फोन कमरेला खोचला.

रूपला आणि रंजीता लेकरांना घेऊन सांगलीकडे ऊस तोडायला गेले होते. निम्मा तांडा तिकडेच होता. तांड्याची जमीन सरकारी. साहेब माणूस दिसेल त्या घराचा फोटो काढणार, ते घर राहणार; ओस दिसेल ते पडणार. एक माणूस दोन घरांत सापडला, तर दोन्ही जाणार. पोटासाठी चार महिने बाहेर गेलं की छप्पर गमवायचं, असं हे सरकारी शहाणपण!

मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी बंद घरं आपसांत वाटून घेतली होती. नवरा एका घरात, बायको दुसऱ्यात. रूपलाचं घर गोमतीबाईनं मागून घेतलं, स्वतःच्या घरात बसायला दुसरं कोणी नसतानाही. तापानं फणफणली तेव्हा रंजीतानंच तिला पेज भरवली होती. असलं काही ती विसरत नसे.

रूपलाच्या दाराला कुलपाऐवजी बाभळीची काटेरी काटी होती. तिनं ती ओढून काढली. इथं टाकली तर साहेबाला दिसेल. आणि घरी तिची शेळी तर उघड्या दारातून पिठाच्या डब्यावर टपलेलीच. तिनं शेजारी जाऊन काटी आपल्या दाराला लावली, हात झटकले आणि रूपलाच्या घरात शिरली.

चूल पेटवली. दोरीवर रंजीताचं जुनं लुगडं टाकलं. छपरातून धूर निघाला तसं घर राहतं वाटू लागलं.

साहेब पोरसवदाच होता, घामानं डबडबलेला.

"इथं कोण राहतं?"

"रूपला राह्यते. बायको-लेकरं घेऊन बाजारले गेला."

"तुम्ही कोण?"

"मी त्याची माय."

पोटी मूल नव्हतं तिला. हे खोटं बोलताना तिला फार बरं वाटलं. फोटोसाठी ती उंबऱ्यात अगदी ताठ उभी राहिली.

साहेबानं तिनं दिलेला चहा घेतला. "आजी, बंद घर कसं ओळखायचं? दारं ठोकून हात दुखले."

गोमतीबाईनं मनात हिशेब केला. म्हाताऱ्यांनी आपापल्या वाट्याच्या घरांच्या काट्या सकाळीच काढून जाळल्या होत्या. आता शोध म्हणावं लेका.

"सोपं हाये, साहेब. बाहेरगावी जाते थो दाराले काटी लावून जाते. काटी नसन, त मानूस घरातच हाये समजा."

"हे बरं सांगितलंत." साहेबानं बाहेरच्या शिपायाला हाक मारली. "काटी दिसेल तिथं फुली मार. उद्या पाडायला मशीन आणू."

जीप निघाली. गोमतीबाईनं रूपलाला फोन लावला.

"वाचलं रे तुह्यं घर."

पलीकडे रूपलानं फोन रंजीताच्या हातात दिला. रंजीता म्हणाली, "काकी, तुम्ही आमच्या मायच हा."

गोमतीबाईनं पदरानं डोळे पुसले, चुलीतला जाळ विझवला आणि हसतच घरी जायला निघाली.

काटीच्या वर, तिच्या दारावर, लाल रंगाची फुली अजून ओली होती.