आधी छत्री, मग लिंबू

बाबांची सगळी पुंजी क्रिप्टो वॉलेटमध्ये अडकली होती आणि ते उघडणारे बारा शब्द त्यांच्याबरोबरच गेले होते. “दादानं चावीच गिळली,” काका म्हणाला. मुलीला शाळेच्या वाटेवरची बाबांची गोष्ट आठवली: शहामृग शिडीवर चढलं, लिंबू तोडलं, छत्री उघडली... ते रोज तिच्याकडून वदवून घेत. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. वॉलेटचे शब्द इंग्रजी असतात, म्हणून ती गोष्टीतलं एकेक नाव इंग्रजीत टाकत गेली, पण वॉलेट उघडेना. “अगं, आधी छत्री, मग लिंबू!” आठवणीतले बाबा कानाशी पुटपुटले. तिनं अदलाबदल केली आणि वॉलेट उघडलं. “सुटलो बाई!” आई रडतच हसली. मुलगी मात्र गारठली. म्हणजे बाबा गोष्ट ऐकत नव्हते, शब्द तपासत होते? तेवढ्यात आठवणीतला तोच आवाज गोष्ट संपवत शाळेच्या फाटकाशी पोचला: “...आणि सगळ्यांच्या मागून दप्तर घेऊन निघाली माझी चिमणी.” वॉलेटला चिमणी लागलीच नव्हती.