गुपचूप पाहणी

"अगं, माझं खातं गुप्त कोणी केलं?" नवऱ्याने फोनवर विचारलं. "माझं प्रोफाइल कोण बघून जातंय, ते महिनाभर मला दिसतच नाहीये."

ती मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. आतून बोलावणं कुठल्याही क्षणी येणार होतं. नवऱ्याचं वाक्य कानावर पडलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. गुप्त तर तिने स्वतःचं खातं केलं होतं! नोकरीधंद्याच्या त्या साइटवर आपण कोणाचं प्रोफाइल उघडलं की त्या माणसाला आपलं नाव कळतं. ते कळू नये म्हणून सगळा खटाटोप; मात्र खातं गुप्त केलं की आपल्याकडे कोण डोकावून गेलं, तेही आपल्याला दिसत नाही. फोनवरची अक्षरं बारीक, म्हणून घरच्या लॅपटॉपवर बसून केलेला. पण लॅपटॉपवर उघडं असायचं ते नवऱ्याचं खातं. त्यात दोघांच्या खात्यांवर फोटोही एकच, बहिणीच्या गच्चीवर खांद्याला खांदा लावून काढलेला. नोकरीच्या साइटवर जोडप्याचा फोटो कोण लावतं, असं लेक तेव्हाच म्हणाली होती. पण ऐकतंय कोण! कोपऱ्यातला तो फोटो बघून बाईसाहेबांनी खुशाल नवऱ्याला पडद्याआड ढकललं, आणि स्वतः फोनवरून महिनाभर उजळ माथ्याने लोकांच्या घरांत डोकावत राहिल्या.

नंतर बोलते, एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

लेक लहान होती तेव्हा तिने लिफ्ट इंजिनिअरची नोकरी सोडली होती. आता लेक मोठी झाली, पण गेलेली नोकरी काही परत येईना. जाईल तिथे एकच प्रश्न. मधली वर्षं काय करत होतात? उत्तर ऐकून समोरचे गोड हसायचे आणि मग कळवतो म्हणायचे. कळवत कोणीच नसे. ही जागा लिफ्ट दुरुस्ती विभागाच्या प्रमुखाची होती. इथेही नकार आला तर पुन्हा लिफ्टचं नाव काढायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून तर एवढी लपवाछपवी. आपण हपापलेले दिसायला नको.

आधी तिने कंपनीच्या संचालिकेचं प्रोफाइल उघडलं होतं. पुरस्कार, हारतुरे, फिती कापणं. तिला जांभई आली. मग ती तिथल्या मेकॅनिकांकडे वळली. एकाने स्वतःच्या चेहऱ्याऐवजी मोटरचा फोटो लावला होता. दुसऱ्याने अंगच्या कौशल्यांत लिहिलं होतं, 'अडकलेल्या माणसांशी दाराबाहेरून गप्पा मारणे'. ती एकटीच मोठ्याने हसली. त्या दिवसापासून तिला नादच लागला. दूध उतू जायचं आणि ही आपली कोणी कुठल्या इमारतीत काय दुरुस्त केलं ते वाचत बसलेली.

म्हणजे त्या सगळ्यांना रोज तिचं नाव दिसत होतं. लाजेने तिचे कान तापले. उठावं आणि सरळ घर गाठावं, म्हणून तिने पर्ससुद्धा उचलली. तेवढ्यात दार उघडलं.

संचालिकेने तिच्या प्रमाणपत्रांना हातही लावला नाही. "आमच्या मेकॅनिकांची प्रोफाइलं महिनाभर तुम्हीच बघत होतात ना?"

चुकून बोट लागलं, असं सांगता आलं असतं. पण तिला आता लपण्याचाच कंटाळा आला होता. तिने हो म्हटलं. लपून बघायचं होतं, पण चुकून नवऱ्यालाच लपवून बसले, हेही सांगून टाकलं. संचालिकेच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या. काय सापडलं, असं त्यांनी विचारलं.

"तुमच्या एका मेकॅनिकने कंट्रोल पॅनेलचा कोर्स केलाय, आणि प्रत्येक फोटोत तो लिफ्टच्या रुळांना तेल लावताना दिसतो," ती म्हणाली. "अडकलेल्या माणसांना धीर देणारा जो आहे, त्याला तुम्ही गोदाम सांभाळायला बसवलंय. मी आले तर पहिल्याच दिवशी दोघांना तिथून हलवीन."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण कंपनीच्या चुका कंपनीच्याच संचालिकेला ऐकवल्या. संपलं सगळं. तरी तिला आतून फार बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी ती आपल्या विषयावर बोलली होती, आणि आवाज एकदाही कापला नव्हता.

संचालिकेने चष्मा काढून टेबलावर ठेवला. उमेदवार पुष्कळ आले, त्या सांगू लागल्या. सगळे संचालिकेचंच प्रोफाइल बघून आले, पुरस्कारांचं तोंडभर कौतुक करून गेले. मेकॅनिकांकडे मात्र आजवर कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यामुळे एकेकाच्या फोनवर हिचं नाव झळकलं तसा जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषयच उरला नाही. ही बाई कोण, म्हणून मेकॅनिकांनी हिचं प्रोफाइल उघडलं. हिच्या जुन्या कंपनीतल्या मेकॅनिकांना फोन लावले. बंद पडलेल्या लिफ्टच्या टपावर ही स्वतः कशी चढायची इथपासून चिडली की काय काय बोलते इथपर्यंत सगळी कुंडली काढली.

ती खुर्चीत अवघडून बसली. मग आता मुलाखतीला सुरुवात करायची का, असं तिने कसंबसं विचारलं.

संचालिका उठल्या आणि त्यांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं.

"मुलाखत तुमची मागच्याच आठवड्यात झाली," त्या म्हणाल्या. "घेणारे खाली वर्कशॉपमध्ये तुमची वाट बघताहेत."