लढाईची ज्वारी

लढाईसाठी लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या वसुलीची ज्वारी न्यायला आलेल्या सरकारी गिरदावरानं आमचं पेव उघडायला लावलं. जमिनीखालचं कोठार वर्षभर बंद. कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून मी आधी आत कंदील सोडला. अर्ध्यातच विझला. "तेल संपलं असंल," गिरदावर अब्बांवर खेकसला, "रसूल, उतर! फौज उपाशी हाय." अब्बांनी कमरेला दोर बांधला. माझं डोकंच फिरलं. शाळेत रोज सरकारच्या फत्तेसाठी दुवा मागतो, आणि इथं अब्बांनी गुदमरायचं? आम्हाला विचारून मांडली का लढाई? मी अब्बांचा दोर सोडवून गिरदावरापुढं धरला. "साहेब, फौजेची लई काळजी हाय ना? तुम्हीच उतरा." जमलेल्या बाया फिसकन हसल्या. गिरदावर दोन पावलं मागं सरला. "उद्या पोलीस आणतो!" मी पेवाच्या तोंडावर फळी टाकून ठाण मांडलं. "आणा की," शेजारी टेकत अब्बा म्हणाले, "आधी तेच उतरतील."