शंभरपर्यंत

कंपाउंडरनं बाटली मुठीत धरली आणि जोरजोरात हलवायला सुरुवात केली. बोटातली अंगठी काचेवर वाजू लागली. टिक, टिक, टिक. तो ओठांतल्या ओठांत अंक मोजत होता.

"बाबा, हे काय करताय?" मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. उद्या आईला रक्त चढवायचं म्हणून ती कालच आली होती.

"एक्केचाळीस," म्हणत तो थांबला. "मध्ये बोलू नये गं. शंभर व्हावे लागतात. औषध असं जागं करावं लागतं. हल्लीची पोरं दोनदा हलवतात आणि देतात ठोकून. चाळीस वर्षं टोचतोय मी, एकाच्याही दंडाला गाठ आली नाही."

"गाठ एकदाच पडली," आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "ती माझ्याशी."

हसता हसता तिला धाप लागली.

शरीराला रक्त बनवायचा निरोप किडनीकडून जातो. आईच्या किडन्या निकामी झाल्यापासून तो जात नव्हता. हे इंजेक्शन म्हणजे तोच निरोप, बाहेरून दिलेला. चार महिने झाले, आठवड्यातून दोनदा. सुरुवातीला हिमोग्लोबिन नऊ होतं. डॉक्टरांनी मात्रा दोनदा वाढवली, तरी परवाच्या रिपोर्टात ते पाच पूर्णांक आठवर आलं होतं. पुढं मुलगी तिला आपली एक किडनी देणार होती. बाहेरचं रक्त दिलं तर आईचं शरीर ती किडनी नाकारण्याची भीती वाढते, म्हणून डॉक्टर इतके दिवस रक्त टाळत होते. आता टाळता येणार नव्हतं.

मुलीनं वडलांच्या हातातली बाटली घेऊन खिडकीशी धरली. औषध पाण्यासारखं स्वच्छ हवं होतं. वरच्या बाजूला बारीक फेस साचला होता.

तिनं ओट्यावरचा खोका उचलला आणि बाजूचा बारीक मजकूर वाचला. मग पुन्हा वाचला.

"बाबा, हे वाचलंय तुम्ही?"

"वाचायचं काय त्यात? फ्रीजमध्ये ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. वीज गेली की बर्फाच्या डब्यात घालून मांडीवर घेऊन बसतो मी. विचार तुझ्या आईला."

"त्याच्या खालची ओळ."

त्यानं चष्मा कपाळावरून खाली ओढला. खोका जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. ओळ दोनच शब्दांची होती. हलवू नये.

"पेनिसिलिनची पावडर असायची," तो म्हणाला. "पाणी घालून हलवली नाही तर सुईत अडकायची."

"ही पावडर नाहीये, बाबा."

"हलवलं तर काय होतं?"

तिनं बाटलीतला फेस दाखवला. "अंड्याचा पांढरा बलक फेटल्यासारखं. परत होता तसा होत नाही."

"सगळं औषध जातं?"

"जोरात हलवलं, बराच वेळ, तर... पण दुसरंही कारण असू शकतं. खरंच असू शकतं."

"मी शंभर मोजतो," कंपाउंडर म्हणाला.

फ्रीजची घरघर थांबली. त्यानं आत वळून पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"डॉक्टरांना उद्या मीच सांगेन. तू नाही सांगायचं. आणि तिला..." त्यानं मान हलवली. फेसाळलेली बाटली सदऱ्याच्या खिशात टाकली. फ्रीजमधून दुसरी काढली, साबणाचा फुगा धरावा तशी, दोन बोटांत. सिरिंज भरायला एरवी त्याला क्षण लागायचा. आज त्याला बाटलीत सुई घालता येईना. हात थरथरत होता, आणि त्याबरोबर बाटलीही.

मुलीला सुईकडे बघवत नसे. तिनं बाटली त्याच्या हातातून घेतली आणि उलटी धरून ठेवली. त्यानं औषध हळूहळू ओढून घेतलं. सिरिंज तिच्या हातात देऊन तो कापूस घ्यायला वळला.

दोघं आत गेले. आई डोळे मिटून पडली होती. तिचे ओठ आणि उशीचा अभ्रा यांत फारसा फरक उरला नव्हता. बाही तिनं आधीच वर सरकवली होती.

कंपाउंडरनं दंडावर कापूस फिरवला. तिनं दंड मागे घेतला.

"एक्केचाळीसलाच थांबलात आज."

"झालं ना. हलवलं."

"नाही हलवलंत. इथं पडल्या पडल्या मी पण मोजते तुमच्याबरोबर. दुसरं काय काम असतं मला?" तिनं डोळे उघडले नाहीत. "लेक आली म्हणून कामचुकारपणा नको. पुरते हलवा बघू. नाहीतर लागू कसं पडणार?"

तो मुलीकडे बघत राहिला.

मग त्यानं खिशात हात घातला. मघाची बाटली काढून मुठीत धरली आणि आईच्या कानाजवळ नेऊन हलवू लागला. अंगठी काचेवर वाजू लागली. सिरिंज दोन्ही हातांनी धरून मुलगी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. तिनं ती जराही हलू दिली नाही.

"बेचाळीस," आई पुटपुटली. "त्रेचाळीस."

शंभर झाल्यावर तिनं दंड पुढे केला.