थांब्यावरची बाई

मुलीने कॉम्प्युटरच्या खेळात अख्खं राज्य वसवलं होतं. निवृत्त बसचालक बाबा शेजारी बसून फुकटचे सल्ले द्यायचे. "असल्या वळणावर कुणी थांबा ठेवतं का? चालकाने काय गाडी खिशात घालून वळवायची?"

त्याच थांब्यावरची एक बोटभर बाई कुठल्याच बसमध्ये चढेना. पायाशी पिवळी पिशवी ठेवून ती प्रत्येक गाडी सोडून द्यायची. मुलीने थांबा पाडून पुन्हा बांधला. बाई तिथेच.

बाबा बघतच राहिले. "तुझी आई अशीच उभी राहायची. माझी गाडी येईपर्यंत दुसरीत पाय ठेवायची नाही. वेडी!"

आईला जाऊन वर्ष झालं होतं. बाबांचं मन राखायला मुलीने एका बसला त्यांच्या जुन्या गाडीचा नंबर दिला.

बस आली. बाईने पिशवी उचलली आणि ती चढली.

"बघा, चढली!" मुलगी हसत वळली.

बाबांनी हवेतच स्टिअरिंग धरलं होतं. त्यांनी उजवा पाय हळूच दाबला, आणि पडद्यावरची बस सुटली, थेट डोंगराकडे.

"बाबा, तिकडे मी रस्ताच बांधलेला नाही!"

"आहे गं," बाबा समोरची नजर न हलवता मायेने म्हणाले. "तू मात्र इथेच उतर, बाळा. पुढे थांबा नाही."