सोमवारचं मौन

“सोमवारी दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, घर पेटलं तरी!” सासूबाई गेल्या, पण त्यांनी घालून दिलेला हा नेम कालिंदीनं कधी मोडला नव्हता. आजही ती मुक्यानंच महादेवाला बेल वाहत होती, तेवढ्यात मधल्या सुट्टीत शर्वरी रडत घरी आली.

“आई, बाईंनी आज पुन्हा मला उभं करून धडा वाचायला लावला. अक्षरं नाचायला लागली, सगळी मुलं हसली. डॉक्टरांचा दाखला आहे म्हटलं, तर म्हणाल्या, ‘डिस्लेक्सिया म्हणे! आळसाला आजकाल इंग्रजी नावं मिळतात.’”

कालिंदीचा हात पिंडीवरच थांबला. हाच धडा तिनं काल वाचून दाखवला, तर पोरीनं तो सबंध घडाघडा परत सांगितला होता. वर्गात हिला मोठ्यानं वाचायला लावणार नाही, असं हेडसरांनी जूनमध्येच कबूल केलं होतं.

“मी म्हटलं, माझी आई येऊन बोलेल. पुन्हा असं झालं तर येईन, असं तूच म्हणाली होतीस ना? तर बाई म्हणाल्या, ‘आज सोमवार. लेक वाचत नाही, आई बोलत नाही. छान जोडी आहे!’”

घर पेटलं तरी, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. लेकरू होरपळलं तर काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

हातातला बेल पिंडीवर ठेवून कालिंदीनं नमस्कार केला, पायांत चपला सरकवल्या आणि लेकीचा हात धरला.

“चल,” ती हळूच म्हणाली.